ना इंजिन, ना सूर्यप्रकाश, तरी १९७७ पासून व्हॉयेजर चालू. उष्णतेतून थेट वीज बनवणारं हे तंत्र आहे तरी काय?

२५ फेब्रुवारी २०२५. नासाच्या इंजिनिअर्सनी व्हॉयेजर-१ या यानावरचं वैश्विक किरण मोजणारं उपकरण बंद केलं. महिनाभरात, २४ मार्चला, व्हॉयेजर-२ वरचं विद्युतभारित कण मोजणारं उपकरणही बंद झालं.

दोन्ही उपकरणं बिघडली नव्हती. ती बंद करण्याचं कारण एकच होतं, यानावरची वीज पुरत नव्हती.

लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरवर काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, याचा हिशोब आपल्याकडे घरोघरी झालाय. व्हॉयेजरच्या टीमचा हिशोब तसाच आहे. फक्त इथे लाईट परत येणार नाही आणि दुरुस्तीला कुणी जाऊही शकत नाही. व्हॉयेजर-१ इतकं लांब आहे की पृथ्वीवरून पाठवलेला संदेश तिथे पोहोचायला २३ तासांहून जास्त वेळ लागतो. उत्तर यायला पुन्हा तेवढाच वेळ.

आता तुम्ही म्हणाल, सूर्यापासून इतक्या लांब मुळात वीज येते कुठून? यानावर सोलर पॅनल नाहीत, इंजिनवर फिरणारा जनरेटर नाही. आहे ती फक्त एक गरम वस्तू आणि तिच्याभोवती बसवलेले सेमीकंडक्टरचे छोटे तुकडे. एक टोक गरम, दुसरं थंड, आणि मधून वीज. या तंत्राला मराठीत उष्मविद्युत म्हणतात, बोलताना सगळे थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात.

हे तंत्र नेमकं काय आहे? इतकं भारी असेल तर ते आपल्या चुलीवर, गाडीच्या सायलेन्सरवर किंवा कारखान्याच्या धुराड्यावर का दिसत नाही? सोप्या भाषेत समजून घेऊ.

वीज बनते तापमानातल्या फरकामुळे

उन्हाळ्यातली एखादी जाहीर सभा आठवा. मैदानाचा अर्धा भाग उन्हात, अर्धा मांडवाखाली. कुणी काही सांगितलं नाही तरी लोक हळूहळू सावलीकडे सरकतात. सावलीत गर्दी होते, उन्हातल्या खुर्च्या रिकाम्या पडतात.

धातूच्या किंवा सेमीकंडक्टरच्या तुकड्यात साधारण असंच होतं. एक टोक तापवलं की तिथले इलेक्ट्रॉन जास्त जोरात धावायला लागतात आणि थंड टोकाकडे पसरतात. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे थंड टोकाला ऋण भार साचतो, गरम टोकाला त्याची कमतरता पडते. दोन टोकांत असा फरक पडला की व्होल्टेज तयार झालंच.

सेमीकंडक्टरमध्ये आणखी एक सोय आहे. त्यात कोणता पदार्थ चिमूटभर मिसळलाय त्यावर त्याचे दोन प्रकार पडतात. एन-प्रकारात ऋण भाराचे इलेक्ट्रॉन फिरतात, तर पी-प्रकारात धन भारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा फिरतात. त्यामुळे एका तुकड्याचं थंड टोक ऋण होतं आणि दुसऱ्याचं धन. हे दोन तुकडे शेजारी उभे करून गरम बाजूला पट्टीने जोडले की एक जोडी तयार होते. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक लावतो, तशा अशा अनेक जोड्या लावल्या की व्होल्टेज वाढत जातं.

पण एका जोडीतून मिळतं किती? चांगल्या सेमीकंडक्टरची जोडी दर अंश सेल्सिअस फरकाला एका व्होल्टचा सुमारे अडीच हजारावा हिस्सा देते. म्हणून एका प्लेटमध्ये शंभरेक जोड्या बसवतात. बाजारात सहज मिळणारी चार सेंटीमीटरची चौकोनी पांढरी प्लेट असते, तिच्यात १२७ जोड्या असतात. तिच्या दोन बाजूंत १०० अंशांचा फरक ठेवला, तर साधारण पाच व्होल्ट मिळतात.

यात लक्षात ठेवायचा शब्द एकच, फरक. प्लेट दोन्ही बाजूंनी सारखीच तापली, तर कितीही गरम असली तरी वीज शून्य.

सीबेकने सुई हलताना पाहिली, पण कारण चुकलं

या गोष्टीची सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीची. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक हा शास्त्रज्ञ दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून प्रयोग करत होता. पट्ट्यांचं कडं करून एक सांधा तापवला, तर जवळच्या होकायंत्राची सुई हलली.

सीबेकला वाटलं, उष्णतेमुळे धातूत चुंबकत्व तयार झालं. त्याने तसंच मांडलं आणि तो त्या मतावर ठाम राहिला. विजेच्या प्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड याने १८२० मध्ये दाखवलं होतं. त्याच ओर्स्टेडने सीबेकच्या प्रयोगाचा खरा अर्थ लावला: कड्यातून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेमुळे हलत होती. थर्मोइलेक्ट्रिक हा शब्दही ओर्स्टेडचाच. तरीही परिणामाला आज नाव आहे ते सीबेकचं.

१८३४ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ पेल्टिए याला या गोष्टीची उलटी बाजू सापडली. दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली, तर तो सांधा गरम किंवा थंड होतो. चारच वर्षांनी लेंझ या शास्त्रज्ञाने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून त्याचा बर्फ करून दाखवला. मग विजेची दिशा उलटी केली आणि बर्फ वितळवला.

म्हणजे हे यंत्र दोन्ही बाजूंनी चालतं. तापमानात फरक दिला तर वीज मिळते, वीज दिली तर फरक मिळतो. गाडीत ठेवायचे छोटे फ्रिज मिळतात, ज्यात कॉम्प्रेसरची घरघर नसते. त्यातले बरेचसे याच पेल्टिए प्लेटवर चालतात.

रॉकेलच्या दिव्यावर रेडिओ

पहिली शंभर वर्षं हा प्रकार मुख्यतः प्रयोगशाळेत आणि तापमान मोजण्याच्या कामात राहिला. धातूंच्या जोडीतून वीज फारच कमी मिळायची.

चित्र बदललं ते सेमीकंडक्टरमुळे. त्यात मोठा वाटा सोव्हिएत रशियाचे शास्त्रज्ञ अब्राम योफे यांचा. धातूपेक्षा सेमीकंडक्टरमधून कितीतरी जास्त व्होल्टेज मिळू शकतं, हे लेनिनग्राडमधल्या त्यांच्या गटाने नुसतं मांडलं नाही, वापरूनही दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लपून लढणाऱ्या सोव्हिएत गनिमांसाठी एक खास भांडं बनवलं गेलं. आत पाणी, खाली शेकोटी, आणि तळाला उष्मविद्युत जोड्या. त्यातून मिळणाऱ्या काही वॅट विजेवर वायरलेस सेट चालायचा.

आत पाणी कशाला, हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. खाली शेकोटीची धग कितीतरी जास्त असते. म्हणजे इथे उकळतं पाणी हीच थंड बाजू.

युद्धानंतर, १९५० च्या दशकात, वीज न पोहोचलेल्या सोव्हिएत खेड्यांसाठी रॉकेलच्या कंदिलावर बसणारा जनरेटर निघाला. काचेच्या वर धातूच्या पात्यांचं एक चक्र, त्याला जोडलेली तार आणि शेजारी रेडिओ. कंदिलाचा उजेडही मिळायचा आणि बातम्याही ऐकता यायच्या.

सूर्य दूर गेला की कामाला येतो आरटीजी

मग आला अंतराळाचा जमाना. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांना सोलर पॅनल पुरतात. पण यान जसजसं लांब जाईल तसा सूर्यप्रकाश झपाट्याने कमी होतो. शनीजवळ तो पृथ्वीच्या तुलनेत साधारण नव्वदावा हिस्सा उरतो, नेपच्यूनजवळ नऊशेवा.

यावर उपाय म्हणजे सूर्याऐवजी उष्णतेचा स्रोतच सोबत न्यायचा. या यंत्राला आरटीजी म्हणतात, म्हणजे रेडिओआयसोटोप थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर. नाव भलंमोठं असलं तरी आत दोनच गोष्टी असतात. मधोमध प्लुटोनियम-२३८ चं इंधन आणि भोवती सेमीकंडक्टरच्या जोड्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरटीजी म्हणजे अणुभट्टी नाही. त्यात साखळी प्रक्रिया होत नाही आणि अणुबॉम्बसाठी वापरतात ते प्लुटोनियमही हे नव्हे, ते प्लुटोनियम-२३९. प्लुटोनियम-२३८ चे अणू आपोआप, ठरावीक गतीने तुटत राहतात आणि त्यातून उष्णता निघते. एका ग्रॅममागे साधारण अर्धा वॅट. ८७.७ वर्षांनी ही उष्णता निम्मी होते. त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे जड संरक्षक भिंतींची गरज पडत नाही. हे इंधन धोकादायक ठरतं ते त्याची पूड श्वासातून किंवा पोटातून शरीरात गेली तर.

अमेरिकेने २९ जून १९६१ रोजी सोडलेल्या ट्रान्झिट-४ए या उपग्रहावर असा जनरेटर पहिल्यांदा अंतराळात गेला. त्याची ताकद तीन वॅटसुद्धा नव्हती. १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर वैज्ञानिक उपकरणं मांडली, त्यांनाही आरटीजीचीच वीज होती. तिथे एक गंमत झाली. इंधनाची कांडी तिच्या वेष्टनात इतकी घट्ट अडकली की ॲलन बीनला ती काही केल्या निघेना. शेवटी पीट कॉनरॅडने हातोडीने ठोकून ती सैल केली. चंद्रावरही अडलेल्या वस्तूवर उपाय तोच निघाला.

व्हॉयेजरवर असे तीन आरटीजी आहेत. त्यात सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्या आहेत, कारण त्यांची गरम बाजू हजार अंशांच्या आसपास तापमान सोसते. १९७७ मध्ये उड्डाणाच्या वेळी तिन्ही मिळून सुमारे ७,००० वॅट उष्णता तयार होत होती. तिच्यातून वीज मिळत होती सुमारे ४७० वॅट. एका साध्या मिक्सरला लागते तेवढी.

आत फिरणारा एकही भाग नाही. बेअरिंग नाही, तेल नाही, घासून झिजणारं काही नाही. म्हणून तर हे यंत्र १९७७ पासून एकदाही न थांबता चाललंय. मंगळावर याचा फायदा फार स्पष्ट दिसला. २०१८ मध्ये तिथे प्रचंड धुळीचं वादळ उठलं. सोलर पॅनलवर चालणाऱ्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला सूर्यच दिसेना. जूनमध्ये तिचा संपर्क तुटला आणि ती परत कधीच बोलली नाही. त्याच वादळात क्युरिऑसिटी रोव्हर काम करत राहिली. कारण तिच्या पाठीवर सुमारे ११० वॅटचा आरटीजी होता. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिरन्सवरही त्याच प्रकारचा जनरेटर आहे.

नंदादेवीवर हरवलेला जनरेटर

या तंत्राचा एक धागा भारतातही येतो आणि तो थेट हेरगिरीचा आहे.

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी हिमालयातल्या उंच शिखरावर उपकरण बसवायचं, असं अमेरिकेच्या सीआयएने आणि भारताच्या गुप्तचर विभागाने मिळून ठरवलं. तिथे सतत वीज देणार कोण? उत्तर होतं आरटीजी.

१९६५ मध्ये कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली गिर्यारोहकांची टीम नंदादेवीवर निघाली. हे तेच कोहली, ज्यांच्या मोहिमेने त्याच वर्षीच्या मे महिन्यात नऊ भारतीय गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचवले होते. शिखराच्या अलीकडे हवामान बिघडलं. जीव वाचवण्यासाठी टीमने सामान वरच बांधून ठेवलं आणि ते परतले. पुढच्या वर्षी जाऊन पाहिलं, तर कडा कोसळून जनरेटर त्यासोबत गेला होता. अनेक शोधमोहिमा झाल्या, पण तो आजवर सापडलेला नाही.

ही गोष्ट १९७८ मध्ये अमेरिकी मासिकातून बाहेर आली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावं लागलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीत महापूर आला, तेव्हा हा पूर त्याच हरवलेल्या यंत्रामुळे आला, असे मेसेज फिरले होते. प्रत्यक्षात रोंती शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळल्यामुळे तो पूर आल्याचं शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं. काही वॅट विजेसाठी बनवलेल्या यंत्रात हिमनदी फोडण्याइतकी ऊर्जा नसते.

पण म्हणून धोका शून्य आहे असंही नाही. सोव्हिएत रशियाने आर्क्टिक किनाऱ्यावरच्या दीपगृहांसाठी असे शेकडो जनरेटर बसवले होते. त्यात स्वस्त पडणारं स्ट्रॉन्शियम-९० वापरलेलं होतं आणि त्याचं प्रारण कागदाने अडत नाही. देश फुटल्यावर अनेक यंत्रं बेवारस झाली. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जियातल्या लिया गावाजवळ लाकडं आणायला गेलेल्या तिघांना बर्फात दोन गरम डबे सापडले. भोवतीचं बर्फ वितळलेलं होतं. थंडी होती म्हणून तिघांनी रात्री त्यांचीच ऊब घेतली. ते डबे टाकून दिलेल्या जनरेटरचं इंधन होतं. तिघांनाही इजा झाल्या आणि त्यातल्या एकाचा पुढे मृत्यू झाला. जे यंत्र दशकानुदशकं थांबत नाही, त्याची जबाबदारीही तितकीच लांबते.

मग आपल्या चुलीवर का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उष्णता तर सगळीकडे वाया जाते. गाडीत टाकलेल्या पेट्रोलमधली जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता बनून उडून जाते. मग ती पकडायची का नाही?

याचं उत्तर व्हॉयेजरच्या आकड्यातच आहे. ७,००० वॅट उष्णतेतून ४७० वॅट वीज, म्हणजे शंभरातले जेमतेम सात. बाकीचे ९३ वाया. उष्मविद्युत यंत्रांचं हे प्रमाण साधारण पाच ते आठ टक्क्यांत राहतं. कोळशाचं औष्णिक वीज केंद्र पस्तीस टक्क्यांच्या आसपास जातं, घरावरचं सोलर पॅनल वीसच्या जवळ.

म्हणून जिथे भरपूर उष्णता एका जागी मिळते, तिथे वाफ जिंकते. महाराष्ट्रातले कितीतरी साखर कारखाने उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवतात, वाफेवर टर्बाइन फिरवतात आणि उरलेली वीज ग्रिडला विकतात. तिथे सेमीकंडक्टरच्या प्लेट लावण्यात अर्थ नाही.

गाड्यांमध्ये प्रयत्न झाले. बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स या कंपन्यांनी सायलेन्सरच्या पाइपवर असे जनरेटर बसवून पाहिले. वीज मिळाली, काही शे वॅटपर्यंत. पण यंत्राचं वजन, थंड बाजूसाठी लागणारं पाणी, धूर बाहेर पडायला होणारा अडथळा आणि किंमत हे सगळं धरलं तर हिशोब जमेना. रस्त्यावरच्या सामान्य गाड्यांत ते आलंच नाही.

चांगला पदार्थ मिळणं इतकं अवघड का?

एक चांगला उष्मविद्युत पदार्थ हवा तर त्याला दोन उलट्या अटी पाळाव्या लागतात. त्यातून वीज सहज वाहिली पाहिजे, पण उष्णता वाहता कामा नये. उष्णता भराभर पलीकडे गेली तर थंड बाजूही तापते आणि फरकच संपतो.

स्वयंपाकघरात पाहा. तांब्याच्या भांड्यातून उष्णताही पटकन जाते आणि तांब्याच्या तारेतून वीजही. कुकरच्या काळ्या मुठीतून दोन्ही जात नाहीत. निसर्गात या दोन गोष्टी बहुतेक वेळा जोडीनेच येतात. शास्त्रज्ञांना हवाय असा पदार्थ, जो विजेसाठी तांब्यासारखा आणि उष्णतेसाठी कुकरच्या मुठीसारखा वागेल.

पदार्थ किती चांगला, हे मोजायला झेडटी नावाचा एक आकडा वापरतात. व्होल्टेज जास्त, विजेला अडथळा कमी आणि उष्णतेला अडथळा जास्त, तर झेडटी मोठा. गेली अनेक दशकं बाजारातल्या पदार्थांचा झेडटी एकच्या आसपास अडकलाय. यातला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बिस्मथ टेल्युराइड, १९५० च्या दशकात पुढे आलेला आणि आजही बहुतेक प्लेटमध्ये वापरला जाणारा. त्यातलं टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात प्लॅटिनमइतकं दुर्मिळ आहे, हीसुद्धा एक अडचण.

गेल्या काही वर्षांत मात्र हालचाल झालीय. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मर्कुरी कानात्झिडिस यांच्या गटाने टिन सेलेनाइडच्या स्फटिकात २.६ इतका झेडटी नोंदवला. २०२१ मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या संयुगात थोडं कॅडमियम मिसळून ३०० अंश सेल्सिअसला तितकाच झेडटी मिळवला. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. त्यापासून टिकाऊ, स्वस्त आणि तापून-थंड होऊनही न तडकणारी प्लेट बनवणं हे पुढचं मोठं काम आहे.

सध्या हे कुठे कुठे वापरलं जातं?

थोडीच वीज लागते, पण ती न चुकता लागते, अशा जागी.

- कॅनडासारख्या देशांत दुर्गम भागातून जाणाऱ्या गॅस पाइपलाइनवर. पाइपमधलाच थोडा गॅस जाळून तिथली मोजमापाची उपकरणं चालवतात.
- काही गॅस शेगड्यांमध्ये. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. ज्योतीत तापणारी एक छोटी दांडी काही मिलिव्होल्ट तयार करते आणि त्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली की दांडी थंड होते, व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह मिटतो. सीबेकचा तो जुना प्रयोगच हा.
- भट्ट्यांचं तापमान मोजायला. कारखान्यात ज्याला थर्मोकपल म्हणतात ते हेच.
- बायोलाइट कंपनीच्या लाकडावर चालणाऱ्या कॅम्पिंग चुलीत. दोन-तीन वॅट वीज मिळते. तिच्यावर चुलीचा पंखा फिरतो आणि मोबाइल सावकाश चार्ज होतो.
- मनगटावर. सायको कंपनीने १९९८ मध्ये शरीराच्या उष्णतेवर चालणारं घड्याळ काढलं होतं. २०१३ मध्ये ॲन माकोसिन्स्की या कॅनडातल्या शाळकरी मुलीने तळहाताच्या उबेवर पेटणारा टॉर्च बनवून गूगल सायन्स फेअरमध्ये आपल्या वयोगटाचं बक्षीस जिंकलं.

व्हायरल व्हिडिओ पाहताना हे तीन प्रश्न विचारा

'मेणबत्तीवर मोबाइल चार्ज', 'चुलीवर घरभर वीज', असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. त्यातलं तंत्र खरं असतं, दावा फुगवलेला असतो. पुढच्या वेळी एवढं तपासा.

थंड बाजू कशी थंड ठेवलीय? प्लेटवर पाणी, पंखा किंवा धातूच्या पात्यांचा ठोकळा काहीच दिसत नसेल, तर दोन मिनिटांत दोन्ही बाजू तापणार आणि वीज थांबणार.

किती वॅट? व्हिडिओत व्होल्ट सांगतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. कामाला येतात वॅट. मेणबत्तीच्या ज्योतीतून साधारण ४० ते ८० वॅट उष्णता निघते. ती सगळी प्लेटमध्ये शिरली आणि चार टक्क्यांचं रूपांतर झालं, तरी फार तर तीन वॅट. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता बाजूने उडून जाते, त्यामुळे एक वॅटही मिळणं कठीण. मोबाइलच्या सगळ्यात साध्या चार्जरलाही पाच वॅट लागतात.

प्लेट कोणती आहे? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते ती थंड करण्यासाठी बनवलेली पेल्टिए प्लेट असते. तिच्यातूनही वीज मिळते, पण ती जास्त तापवली की आतलं सोल्डर वितळतं आणि प्लेट कायमची जाते.

घरी करून पाहायचं असेल तर आगीऐवजी गरम पाणी वापरा. प्लेट बर्फाच्या ट्रेवर ठेवा, वर गरम पाण्याचं धातूचं भांडं. छोटा लाल एलईडी पेटू शकतो. भांडं कोमट झालं की तो विझतो. फरक संपला की वीज संपली, हे तेव्हा डोळ्यांना दिसतं.

व्हॉयेजरचं पुढे काय?

व्हॉयेजरवरचा फरकही असाच हळूहळू संपतोय. प्लुटोनियम दरवर्षी थोडं थंड होतं आणि सेमीकंडक्टरच्या जोड्याही इतक्या वर्षांच्या धगीने मंदावल्यात. दोन्ही मिळून दरवर्षी साधारण चार वॅट वीज कमी होते. कॅमेरे कधीच बंद झाले. १९९० मध्ये पृथ्वीचा तो प्रसिद्ध निळ्या ठिपक्याचा फोटो काढल्यावर व्हॉयेजर-१ चे कॅमेरे मिटले ते कायमचे. मग हीटर बंद करायला सुरुवात झाली. २०१९ मध्ये व्हॉयेजर-२ वरच्या एका उपकरणाचा हीटर बंद केल्यावर त्याचं तापमान उणे ५९ अंशांपर्यंत उतरलं, तरी ते माहिती पाठवत राहिलं. २०२३ मध्ये सुरक्षेसाठी राखून ठेवलेली थोडी वीजही वापरायला काढली. प्रत्येक यानावर दहा उपकरणं होती. २०२५ च्या त्या निर्णयानंतर तीन-तीन उरली.

यानांवर एक गोष्ट मात्र अशी आहे, जिला विजेची गरज नाही. ती म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यात ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे. आणि गोव्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.

शेवटचं उपकरण बंद होईल, रेडिओ गप्प होईल, तरी तबकडी पुढे जात राहील. पण तिच्यासोबत तिथलं काही मोजून पाठवायचं असेल तर वीज लागते. म्हणूनच नासाच्या टीमसाठी आज एकेक वॅट मोलाचा आहे.